फळीच्या पोटातली हवा

होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये हवाईच्या जुन्या सरदारांच्या लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतली ‘ओलो’ जातीची फळी राजघराण्यातल्या आणि सरदार घराण्यांतल्या मंडळींसाठीच असे. आब्नेर पाकी या एकोणिसाव्या शतकातल्या सरदाराच्या फळ्या अशाच, सोळा फुटांच्या घरातल्या आणि सत्तर किलोंच्या आसपास वजनाच्या. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातून आलेला टॉम ब्लेक नावाचा पट्टीचा पोहणारा या फळ्यांनी झपाटला. त्याने म्युझियमसाठी त्यांची डागडुजी केली आणि १९२६मध्ये रेडवूडची तशीच एक फळी स्वतःसाठी घडवली. लाकूड लवकर वाळावं आणि फळी हलकी व्हावी म्हणून त्याने तिला आरपार शेकडो भोकं पाडली, महिनाभर तशीच ठेवली आणि मग वरून-खालून पातळ लाकूड चिकटवून भोकं बंद केली.

भोकं बंद झाली, आत हवा राहिली. आधी भरीव फळी घ्यायची आणि मग ती पोखरत बसायची, हा द्राविडी प्राणायाम आहे हे ब्लेकच्या पुढच्या दोन-तीन वर्षांत लक्षात आलं. मग त्याने विमानाच्या पंखासारखी रचना केली. मधे एक कणा, त्याला आडव्या फासळ्या आणि वरून पातळ लाकडाचं कातडं. १९३२च्या ऑगस्टमध्ये त्याला ‘वॉटर स्लेड’ या नावाने पेटंट मिळालं. जुलै १९३७च्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात या बोर्डचा आराखडा छापून आला आणि ज्याच्याकडे करवत, रंधा आणि मोकळं आवार होतं अशा कुणालाही तो घरी करता येऊ लागला. टवाळखोरांनी त्याला सिगारची पेटी म्हटलं, पण जीवरक्षकांनी तो आनंदाने उचलला, कारण बुडणाऱ्या माणसाला त्यावर ओढून घेणं सोपं होतं.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस फोमचे बोर्ड आले आणि पोकळ लाकूड अडगळीत गेलं. ते परत आलं उभं राहून वल्हवण्याच्या खेळामुळे. वायकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवर घसरायला शिकवणारी मंडळी विसाव्या शतकाच्या मध्यापासून लांब फळीवर उभी राहून हातात वल्हं धरत. लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या लाटांवर स्वार होणाऱ्या जोडीने हवाईच्याच माउई बेटावर याच पद्धतीला नवी उचल दिली आणि पंधरा-वीस वर्षांत हा प्रकार आपल्या देवबागजवळच्या कर्लीच्या खाडीपर्यंत येऊन पोचला. या खेळाला लाटेची गरज नाही. संथ खाडी, तलाव, धरणाचं पाणी, काहीही चालतं. बोर्ड मात्र लांब, रुंद आणि जाड लागतो आणि एवढ्या मोठ्या आकाराला पोकळ रचना फार शोभते.

आकडे मांडून पाहू. बोर्ड साडेतीन मीटर लांब, ७६ सेंटीमीटर रुंद आणि मधोमध सुमारे ११ सेंटीमीटर जाड धरला, तर टोकं निमुळती असल्यामुळे त्याचं आकारमान साधारण २०० लिटर भरतं. हाच आकार भरीव सागवानातून काढला तर वजन १३० किलोंच्या आसपास जाईल. रेडवूडमधूनही ९० किलो होईल. चार मिलिमीटर प्लायवूडच्या कातड्यात तोच बोर्ड १५-१६ किलोंत बसतो. ७५ किलोंचा माणूस त्यावर उभा राहिला तर एकूण वजन होतं ९० किलो, म्हणजे समुद्राच्या पाण्यात जेमतेम ८८ लिटर भाग बुडतो. निम्म्याहून जास्त बोर्ड पाण्याच्या वरच राहतो.

तरंगण्याची काळजी नवशिक्याला उगाच असते. काळजी करायची ती तोल जाण्याची. बोर्ड आडवा कलंडायला किती विरोध करतो हे रुंदीच्या घनावर ठरतं. ७० सेंटीमीटरच्या जागी ८० केले तर रुंदी वाढते सातवा हिस्सा, स्थैर्य मात्र जवळजवळ दीडपट होतं. वेगाचं गणित लांबीच्या वर्गमुळाशी बांधलेलं असल्यामुळे तिथे फायदा हळूहळू मिळतो. साडेतीन मीटरचा बोर्ड ताशी आठ किलोमीटरच्या आसपास पोचला की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतो आणि मग कितीही वल्हवा, दम लागण्यापलीकडे फारसं काही होत नाही. म्हणून पहिला बोर्ड करताना रुंदीत कंजुषी करू नये. अरुंद, सुंदर, शर्यतीचा बोर्ड बघून मोह होतो, पण तो मोह दुसऱ्या बोर्डसाठी राखून ठेवावा.

एवढ्या पातळ कातड्याचा बोर्ड माणसाच्या वजनाखाली मोडत कसा नाही? कुठलीही फळी वाकली की तिची एक बाजू आवळली जाते आणि दुसरी ताणली जाते. मधल्या भागात ताण जवळजवळ शून्य असतो. भरीव फळीत तिथलं लाकूड नुसतं वजन वाढवतं. पोकळ बोर्डमध्ये ते काढून टाकलेलं असतं आणि दोन्ही कातडी एकमेकांपासून लांब धरलेली असतात. हे अंतर दुप्पट केलं तर ताठपणा चौपट होतो. आतल्या फासळ्यांचं काम कातड्यांमधलं अंतर कायम राखणं आणि पातळ प्लायला मधेच फुगू किंवा खचू न देणं, एवढंच. म्हणून फासळ्यांनाही मोठमोठी भोकं पाडून हलकं करता येतं. फक्त पावलं पडतात तिथे फासळ्या जवळजवळ हव्यात, पंधरा-वीस सेंटीमीटरवर. टाचेचा भार लहानशा जागेत उतरतो आणि चार मिलिमीटरचा प्लाय तिथे खचू लागतो.

प्लाय निवडताना आपल्याकडे एक अडचण येते. पाश्चात्य आराखड्यांत ओकुमे या आफ्रिकी लाकडाचा मरीन प्लाय गृहीत धरलेला असतो. तो हलका, घनमीटरला पाचशे किलोंच्या आसपास. आपल्या बाजारात मरीन प्लाय म्हणून मिळतो तो आयएस ७१० या मानकाचा. त्याचे थर पाण्यात ७२ तास उकळूनही सुटू नयेत अशी कसोटी असते, त्यामुळे चिकटपणाबद्दल तक्रार नाही. पण तो बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाचा असतो, घनमीटरला सातशे किलोंकडे झुकणारा. बोर्डच्या कातड्याचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर धरलं तर नुसत्या प्लायमध्ये तीन-साडेतीन किलोंचा फरक पडतो. आराखड्यातलं वजन आपल्या बोर्डला जुळलं नाही तर सुताराचा हात नेहमीच दोषी नसतो. शिवाय आठ फुटी तक्ता साडेतीन मीटरला पुरत नाही. दोन तुकडे जोडावे लागतात आणि तो सांधा तिरपा हवा. जाडीच्या निदान आठपट लांबीचा उतार दोन्ही कडांना रंध्याने काढायचा आणि एकावर एक चिकटवायचा. चार मिलिमीटर प्लायला ३२ मिलिमीटरचा उतार येतो. नीट जमलेला तिरपा सांधा वाकवताना मूळ प्लायइतकाच वाकतो. पट्टी मारून केलेला सांधा मात्र तिथेच ताठ राहतो आणि बोर्डच्या बाकात कोपरा दिसतो.

बांधणीच्या दोन वाटा आहेत. एक ब्लेकची, सांगाडा करून त्यावर कातडं चढवण्याची. हिच्यात कडा गोलाईदार करता येतात. लाकडाच्या अरुंद पट्ट्या घ्यायच्या, एका कडेला गोलाई, दुसरीला तेवढीच खोलगट खाच, आणि एकीत एक बसवत कड वळवत न्यायची. काम देखणं होतं, वेळ खातं. दुसरी वाट शिवणीची. प्लायचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापायचे, कडांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे, आकार आपोआप उभा राहतो. मग आतून सांध्यात इपॉक्सीची लांबी भरायची, काचेच्या कापडाची पट्टी बसवायची आणि टाके काढून टाकायचे. १९६३मध्ये ब्रिटनमधल्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने ‘मिरर’ ही शिडाची छोटी होडी बाजारात आणली, तेव्हा ही पद्धत घराघरांत पोचली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी तिची आखणी केली होती आणि आजवर तशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या आहेत.

आपल्या किनाऱ्यावर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून जहाज बांधण्याची कला फार जुनी. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावर बेतलेलं ‘कौंडिण्य’ हे नौदलाचं शिवलेलं जहाज याच पद्धतीने गोव्यात दिवाडीला बांधलं गेलं आणि मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. तिथे शिवण हाच कायमचा सांधा आहे, तर आपल्या बोर्डमध्ये ती गोंद सुकेपर्यंतच टिकते. पहिल्यांदा करणाऱ्याने शिवणीची वाट धरावी असं मला वाटतं. कडा थोड्या टोकदार राहतात, पण खाडीच्या संथ पाण्यात त्याने काही बिघडत नाही.

वाट कोणतीही असो, पीळ ही गोष्ट डोक्यात पक्की हवी. बुटांचं रिकामं खोकं घ्या, झाकण काढून दोन्ही टोकांना उलटसुलट पिरगळा, ते सहज वळतं. झाकण चहूबाजूंनी चिकटवून तेच करून बघा, खोकं हलत नाही. बोर्डचं तसंच असतं. वरचं कातडं बसेपर्यंत सांगाडा लवचीक असतो आणि त्याला पीळ कधी पडला हे कळतही नाही. वरचं कातडं चिकटलं की जो काही पीळ असेल तो आतच कायमचा कोंडला जातो आणि मग बोर्ड पाण्यात एका बाजूला ओढत राहतो. म्हणून बांधणी सपाट, भक्कम बैठकीवर करायची. नाकाशी आणि शेपटीशी दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या आणि एका टोकाकडून डोळा लावून बघायचं. दोन्ही पट्ट्यांच्या कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. ही तपासणी गोंद लावायच्या आधी, लावल्यावर आणि वजनं ठेवल्यावर, तिन्ही वेळा करावी. तिसऱ्या वेळेला बहुतेक जण कंटाळतात आणि नेमकी तीच सगळ्यात मोलाची असते, कारण क्लॅम्प आवळताना सांगाडा सरकतो.

वरचं कातडं लावणं म्हणजे दार कायमचं बंद करणं. त्याआधी आत काय काय असायला हवं याची यादी भिंतीवर चिकटवलेली बरी. मागे फिन बसतो तिथे भरीव लाकडाचा ठोकळा, मधे उचलायच्या मुठीसाठी एक, घोट्याला बांधायच्या दोरीसाठी एक, आणि हवेच्या बुचासाठी एक. आतल्या सगळ्या लाकडाला इपॉक्सीचा पातळ हात. आणि प्रत्येक फासळीला आरपार भोक असल्याची खात्री, अगदी टोकाच्या इवल्याशा कप्प्यातसुद्धा. भोक नसलेला कप्पा म्हणजे बुचाशी संबंध तुटलेली हवा, आणि तसली हवा काय करते ते आता येतंच आहे.

लाकूड कापणं, वाकवणं, जुळवणं ही सुतारकी आहे. ती हळूहळू हाताला येते. पण या बोर्डचा मोठा कच्चा माल लाकूड नाही, आतली पावणेदोनशे-दोनशे लिटर हवा आहे, आणि ती लाकडासारखी जागच्या जागी राहत नाही. समजा संध्याकाळी २५ अंशांना बोर्ड हवाबंद केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाळूवर उन्हात ठेवला. आतली हवा ६० अंशांवर जायला वेळ लागत नाही. तापमान केल्विनमध्ये मोजलं तर २९८वरून ३३३, म्हणजे दाब बारा टक्क्यांनी चढला. बारा टक्के ऐकायला किरकोळ. पण वातावरणाचा दाब चौरस मीटरला सुमारे दहा टन असतो आणि बोर्डच्या वरच्या कातड्याचं क्षेत्रफळ आहे दोन चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ २.४ टन भाराइतक्या जोराने ते कातडं फासळ्यांवरून सोलून काढायचा प्रयत्न चालू आहे. सगळे सांधे निर्दोष असतील तर बोर्ड तो सहन करेल. एखाद्या फासळीला गोंद कमी पडला असेल तर सुटायला सुरुवात तिथूनच होईल, आणि एक फासळी सुटली की तिचा भार शेजारणीवर.

याहून वाईट उलटा प्रकार. तापलेला बोर्ड थंड पाण्यात टाकला की आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. कुठे सुईच्या अग्राएवढी जरी फट असली तरी बोर्ड तिथून पाणी पितो. दोन-चार लिटर पाणी आत गेल्याने बोर्ड बुडत नाही. पण ते पाणी ज्या बाजूला बोर्ड कलतो त्याच बाजूला धावतं, कल वाढवतं आणि वर उभा असलेला माणूस पाण्यात जातो. शिवाय बंद पोटातली ओल वाळत नाही, लाकूड आतून कुजू लागतं. ब्लेकच्या काळातल्या बोर्डना बूच असायचं ते पाणी काढून टाकण्यासाठीच. तेव्हाचे गोंद आणि स्क्रू समुद्रापुढे पुरते टिकत नसत.

पुणेकरांसाठी यात आणखी एक मेख आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी असतो. पुण्यात बूच घट्ट लावून बोर्ड गाडीच्या टपावर बांधला आणि घाट उतरून मालवण गाठलं, तर तापमान तेवढंच असलं तरी बाहेरची हवा त्या वरच्या कातड्याला सव्वा टनाहून अधिक जोराने आत दाबत असते. खालच्यालाही तेवढंच. येताना किनाऱ्यावर बूच लावलं तर हाच जोर घरी पोचेपर्यंत आतून बाहेर. म्हणून प्रवासात आणि घरात बूच नेहमी काढलेलं असावं आणि पाण्यात उतरायच्या क्षणी लावावं. विसराळू माणसांसाठी हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा पातळ पडदा असलेलं बूचही मिळतं. ते लावलं की लक्षात ठेवायची भानगड उरत नाही. मला विचाराल तर सगळ्या बोर्डमध्ये हाच एक सुटा भाग असा आहे जिथे पैसे वाचवू नयेत.

हीच हवा इपॉक्सी लावतानाही आडवी येते. बोर्डवर काचेचं कापड पसरून इपॉक्सी ओतली की पांढरं कापड क्षणात दिसेनासं होतं, कारण काच आणि इपॉक्सी यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा असतो. लाकडाच्या रेषा लखलखीत वर येतात. हे काम सकाळी केलं तर ऊन चढत जातं, लाकडाच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि कापडाखाली बारीक बुडबुड्यांची रांगोळी उमटते. संध्याकाळी, पारा उतरत असताना केलं तर तीच हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. त्या वेळी बोर्डचं बूच उघडं ठेवायचं हे वेगळं सांगायला नको.

कोकणातल्या उन्हाळ्यात इपॉक्सी आणखी एक खोडी करते. तापमान दहा अंशांनी वाढलं की ती साधारण दुप्पट वेगाने घट्ट होते, आणि घट्ट होताना स्वतःही उष्णता सोडते. मगमध्ये ढीगभर कालवून ठेवली तर ती उष्णता अडकते, मग धुरावतो आणि प्लास्टिक वितळतं. पसरट ट्रेमध्ये ओतली तर हातात वेळ राहतो. थोडी थोडी कालवावी, वजनकाट्यावर मोजून. हार्डनर जास्त घातल्याने लवकर सुकते हा गैरसमज आहे. प्रमाण चुकलं तर ती कायमची चिकट राहते. पावसाळ्यात हे काम हातात घेऊच नये. दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर धरतो, त्यावर पुढचा हात चिकटत नाही, आणि लाकडाने धरलेली ओल आपण आपल्या हाताने आत कोंडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम बरा. हातमोजे आणि योग्य मास्क यांबाबत मात्र हंगाम बघायचा नाही. कच्च्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर सुटत नाही.

इपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि पुढे भुरभुरीत होते, म्हणून वरून अतिनील किरण अडवणारं वॉर्निश चढवावंच लागतं. फिन वीस-पंचवीस सेंटीमीटरचा पुरतो, वल्हं आपल्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. ज्याला फक्त पाण्यावर फिरायचंय त्याने हवा भरायचा बोर्ड सरळ विकत घ्यावा. तो गुंडाळून पिशवीत बसतो आणि घरी करण्याच्या खटाटोपापुढे स्वस्तही पडू शकतो. लाकडाचा बोर्ड करायचा तो लाकूडकामाची हौस आहे म्हणून. या दोन गोष्टींची गल्लत झाली की अर्धवट सांगाडे गॅरेजच्या छताला टांगलेले राहतात.

बोर्ड पाण्यात नेण्याआधी, इपॉक्सी पूर्ण पक्की झाल्यावर, त्याची गळती तपासायची. बुचाच्या भोकात मऊ नळी घट्ट बसवा आणि तोंडाने फुंका. कंप्रेसर अजिबात नको. वर आलेलं २.४ टनांचं गणित तो काही सेकंदांत खरं करून दाखवील. सहज मारलेल्या फुंकरीचा दाब दोन-तीन किलोपास्कल असतो, तेवढा इथे भरपूर झाला. पोटात दोनशे लिटर हवा असल्याने तीन टक्के दाब चढवायला सहा लिटर लागतात, म्हणजे मोजून चार-पाच फुंकरा. नळी बोटाने दाबून धरायची आणि दुसऱ्याने ब्रशने सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. कडा, फिनचा खाचा, मुठीचा ठोकळा या जागा आधी. जिथे फुगे येतील तिथे पेन्सिलीने गोल करायचा, ती जागा धुऊन वाळवायची, पॉलिश पेपर मारून इपॉक्सीचा एक हात द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साबण.